दोन लाख फाईल्स आणि एक हलगी: सॅम्पल शोधायच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं

"दादा, गेल्या वर्षीच्या एकांकिकेत ती हलगी होती ना, तीच टाक ह्यात पण." रात्री साडेअकराला दिग्दर्शकाचा हा मेसेज, आणि रंगीत तालीम दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. आता ती हलगी मीच रेकॉर्ड केलेली, कुठे केली, कोणी वाजवली, त्या दिवशी चहा कुठे प्यायलो ते सगळं आठवतंय, फक्त फाईल कुठे ठेवली ते नाही आठवत. पाऊण तास शोधली. शेवटी जुना प्रोजेक्ट उघडून त्यातनं काढली आणि तिचं नाव बघितलं तर काय, झूम ००४७. रेकॉर्डरने दिलेलं नाव मी तसंच ठेवलेलं. हलगी हा शब्द ना फाईलच्या नावात, ना फोल्डरच्या. फोल्डरचं नाव होतं "नवीन फोल्डर (३)".

त्या रात्री ठरवलं की आता ह्याचा काहीतरी बंदोबस्त करायचा, आणि मग पुढचे सहा-सात महिने सॅम्पल, म्हणजे असे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, शोधायचं जे जे मिळेल ते सॉफ्टवेअर टाकून बघितलं. त्यातलं एक विकत घेतलं, एक आधीपासून माझ्याकडेच होतं पण मला माहीतच नव्हतं, आणि एकाने माझी पार वाट लावली. ते सगळं लिहितोय कारण मराठीत ह्यावर कोणी बोलत नाही आणि इंग्रजीत जे व्हिडिओ आहेत ते सगळे ट्रॅप आणि हाऊसवाले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बीटवाले, त्यांना ड्रमकिटची किक आणि स्नेअर सापडली की झालं, आपल्याला ढोलकी, संबळ, दिमडी, टाळ, ताशाची तर्री हे सगळं लागतं, त्याचं काय होतं ते कोणी सांगत नाही.

आधी माझा पसारा सांगतो म्हणजे अंदाज येईल. दोन टीबीची एक्स्टर्नल ड्राईव्ह, त्यात साधारण दोन लाख ऑडिओ फाईल्स. एवढं कुठून येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, साठत जातं राव. मित्राच्या पेनड्राईव्हमधनं येतं, फुकटचे पॅक येतात, सॉनिस वाले गेम बनवणाऱ्यांच्या कॉन्फरन्सच्या निमित्ताने दरवर्षी कित्येक जीबीचा गठ्ठा मोफत देतात तो येतो, फ्रीसाउंड ह्या वेबसाईटवरनं एकेक करून उतरवलेलं असतं, आणि मग स्वतःचं रेकॉर्डिंग. चोवीस बिट अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ स्टीरिओ म्हणजे मिनिटाला १७ एमबीच्या वर जातात, मी वारीच्या वाटेवर एका दिवसात चार तास रेकॉर्ड केलेलं, करा हिशोब. आणि कलेक्शन करणाऱ्या माणसाचा स्वभाव असा की उतरवताना जो आनंद होतो तो वापरताना होत नाही, त्यामुळे नाव देणं, नीट लावणं हे कायम "नंतर करू".

विंडोजच्या स्वतःच्या सर्चबद्दल काही बोलत नाही, एक्स्टर्नल ड्राईव्हवर ज्याने वापरलाय त्याला माहितीये.

पहिली चांगली गोष्ट सापडली ती म्हणजे एव्हरीथिंग. हे ऑडिओचं सॉफ्टवेअर नाहीच मुळात, नुसतं फाईलच्या नावाने शोधतं, फुकट आहे, आणि वेग एवढा की टाईप करता करता लिस्ट बारीक होत जाते. का एवढं फास्ट तर ते एकेक फोल्डर उघडून बघत बसत नाही, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या ड्राईव्हवर सगळ्या फाईल्सची जी एक आतली यादी असते तीच थेट वाचतं. पण इथेच एक गोम आहे, बऱ्याच एक्स्टर्नल ड्राईव्ह एक्सफॅट ह्या दुसऱ्या पद्धतीच्या असतात, विशेषतः मॅकवाल्या मित्राबरोबर देवाणघेवाण चालू असेल तर, आणि तिथे त्या यादीचा फायदा मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डर हाताने जोडावा लागतो. मला हे कळायला दोन दिवस गेले, मी आपलं म्हणतोय ह्याला माझी ड्राईव्ह दिसत का नाही.

पण नावाने शोधायचं म्हणजे नाव असायला पाहिजे, आणि असलं तरी स्पेलिंग. ढोलकी घ्या. रोमनमध्ये कोणी मध्ये ए घालतो कोणी नाही, शेवटी कोणी आय लावतो कोणी डबल ई, कोणी सरळ ढोलकच लिहून मोकळा होतो. हलगीचं तेच, संबळला तर कोणी एल एक लावतो कोणी दोन, आणि एका परदेशी पॅकमध्ये संबळच्या ठोक्यांना "इंडियन बोंगो" नाव दिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. टाळ म्हणून शोधलं तर मेटलचे, टोटलचे, क्रिस्टलचे सगळे टाळ वाजवत पुढे येतात. एव्हरीथिंगचा दोष नाही तो, त्याने काय करायचं बिचाऱ्याने.

मग मी एक चूक केली. एक फुकटचा सॅम्पल मॅनेजर मिळाला, नाव घेत नाही, त्यात एक बटण होतं की सगळ्या फाईल्स आपोआप प्रकारानुसार फोल्डरमध्ये लावून देतो, नावंही सुधारून देतो. मला वाटलं वा, हेच तर पाहिजे होतं. दाबलं बटण आणि झोपायला गेलो. सकाळी उठून बघतो तर फोल्डर एकदम चकाचक, किक वेगळ्या, लूप (परत परत वाजवायचे तुकडे) वेगळे, कसं अगदी शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. आणि मग एक जुना प्रोजेक्ट उघडला. लाल. सगळं लाल. फाईल मिळत नाही, फाईल मिळत नाही, फाईल मिळत नाही. कारण प्रोजेक्टमध्ये ऑडिओ नसतोच, फक्त पत्ता असतो की अमुक ड्राईव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव, आणि मी एका रात्रीत दोन लाख जणांचे पत्ते बदलले होते. सॅम्पलरमध्ये, म्हणजे सॅम्पल वाद्यासारखे वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवलेली माझी ढोलकीची स्वतःची किट, तीन आठवड्यांचं काम, तिचे पण सगळे ठोके बेपत्ता. बॅकअप होता म्हणून वाचलो, तोही चार महिने जुना.

तेव्हापासून माझा नियम एकच, जे सॉफ्टवेअर फाईल्स हलवतं ते मला नको. फाईल जिथे आहे तिथे राहू दे, तू फक्त तुझी वही ठेव की काय कुठे आहे. आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (मीही तेच वापरतो) ज्यांच्याकडे आहे त्यांनी सेटिंगमध्ये ते ऑप्शन चालू करून ठेवा ज्याने आत घेतलेली फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी होते, जागा जरा जास्त जाते पण दोन वर्षांनी ग्रुपवाल्यांनी "प्रयोग परत लावतोय" म्हणून फोन केला की आशीर्वाद द्याल मला.

आता मुख्य गोष्ट, सोनोनिम. हे मी विकत घेतलं. मी घेतलं तेव्हा ९९ डॉलर होते, वर बँकेचं फॉरेन करन्सीचं जे काही असतं ते, म्हणजे आपल्याकडे नाटकाच्या म्युझिकचं मानधन मिळतं त्याच्या दुप्पट समजा. पण ३० दिवस ट्रायल आहे, आणि ती ट्रायल मी अक्षरशः पिळून काढली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, लिनक्सवाले फार कमी वेळा खूश होतात म्हणून सांगितलं.

ह्याचं वैशिष्ट्य म्हणजे हे नाव वाचत बसत नाही, आवाज ऐकतं. तुम्ही फोल्डर दाखवायचा, ते एकेक फाईल उघडून तिचं मोजमाप करतं आणि ते आकडे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, फाईलला हात लावत नाही. म्हणजे आवाज कुठल्या फ्रिक्वेन्सीत भरलेला आहे, सूर आहे की नुसता आघात, किती पटकन चढतो, किती वेळात विरतो, असं सगळं. मग प्रत्येक फाईल म्हणजे आकड्यांची एक ओळ झाली, आणि ज्या दोन फाईल्सचे आकडे जवळजवळ ते दोन आवाज सारखे. एवढंच आहे खरं तर, त्याला एआय म्हणा नाहीतर काहीही म्हणा. पण वापरताना जे होतं ते जादूसारखं वाटतं. एक ठोका निवडायचा आणि म्हणायचं ह्याच्यासारखे दाखव, की सगळ्यात जवळचा वर आणि मग उतरत्या क्रमाने खाली. बाहेरची कुठलीही फाईल आत ओढून टाकली तरी चालते.

आणि ह्यात पाच स्लायडर आहेत, ओव्हरऑल (एकूण), स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी), टिंबर (आवाजाचा पोत), पिच (सूर) आणि ॲम्प्लिट्यूड (आवाजाचा चढउतार), म्हणजे सारखेपणा कशात बघायचा ते तुम्ही ठरवायचं. पहिल्या आठवड्यात मी ह्याला हातच लावला नाही, मला वाटलं शोभेचे आहेत. पण खरी गंमत तिथेच आहे, आणि ती मला हलगीनेच शिकवली. झालं असं की हलगीचं कातडं तापवतात, विस्तवावर धरून, म्हणजे ते ताणलं जातं आणि आवाज कडक येतो, मग वाजवता वाजवता ती थंड पडत जाते आणि सूर खाली येतो, मग परत तापवायची. म्हणजे एकाच रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच हलगी, तोच वाजवणारा, पण दहा वाजताचा ठोका आणि अकरा वाजताचा ठोका ह्यांच्या सुरात चांगलाच फरक. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा सगळे स्लायडर जसेच्या तसे ठेवलेले, त्याने मला माझ्या हलगीच्या दोन-चार फाईल्स दिल्या आणि मग भलत्याच गोष्टी, कुठलंतरी टिंबाले, कुठलीतरी टाईट स्नेअर. मग पिचचा स्लायडर पूर्ण खाली आणला, टिंबर आणि ॲम्प्लिट्यूड वर नेलं, आणि धडाधड त्या रात्रीचे सगळे ठोके खालोखाल आले, ज्या फाईल्सची नावं झूम ००४४ पासून ००५२ पर्यंत होती आणि ज्या तीन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पसरलेल्या होत्या. त्यात एक तर मी रेकॉर्ड केली होती हेच विसरलेलो. मी रात्री एक वाजता एकटाच बसून "आयला" असं मोठ्याने म्हटलं, बायको उठली.

उलटंही करता येतं. तबल्याचा "ना" पाहिजे आणि तो अमुक सुरातलाच पाहिजे, तर पिच वर ठेवायचं.

तोंडाने पण शोधतो मी. म्हणजे फोनवर नुसतं "टक" किंवा "धुम्म" असं तोंडाने करायचं, ती फाईल लॅपटॉपवर घेऊन त्यात टाकायची. पहिल्या फटक्यात लोकांचं गाणं-बोलणं येतं कारण ते टिंबर माणसाचंच आहे ना, मग टिंबर खाली घ्यायचं आणि ॲम्प्लिट्यूड वर, म्हणजे आवाजाचा नुसता आकार जुळवायचा. ढोलकीचे बोल तोंडाने म्हणायची सवय असलेल्यांना हे फार सोपं जातं, तो एक आपला फायदा.

आता कुठे अडतं ते. सोनोनिम हे वेगळं चालणारं ॲप आहे, प्लगइन नाही. म्हणजे डीएडब्ल्यूच्या (रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या) आत ते उघडत नाही, बाजूला ठेवायचं आणि तिथून फाईल ओढून टाईमलाईनवर टाकायची. दोन स्क्रीनवाल्यांना काही नाही, माझ्यासारख्या एका लॅपटॉपवाल्याचं आयुष्य खिडक्या बदलण्यात जातं. दुसरं, पहिलं स्कॅनिंग. दोन लाख फाईल्स साध्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरनं वाचायच्या म्हणजे वेळ लागणारच, हा कुठल्याच सॉफ्टवेअरचा दोष नाही, माझ्या जुन्या ड्राईव्हचा आहे, रात्री लावून झोपा. लॅपटॉप झोपणार नाही एवढं सेटिंग बघा फक्त, मी पहिल्या रात्री विसरलो, आम्ही दोघं एकाच वेळी झोपलो. आणि एक्स्टर्नल ड्राईव्ह असेल तर तिचं अक्षर पक्कं करून ठेवा, आज ई उद्या एफ असं झालं की असल्या कुठल्याही डेटाबेसला वाटतं सगळं घर बदललं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मी माझ्या ड्राईव्हला एस दिलंय, सॅम्पलचा एस, तेवढं लांबचं अक्षर दुसरं कोणी घेत नाही.

तिसरं अडतं ते आपोआप वर्गवारीत, आणि हे मी एकट्या सोनोनिमबद्दल नाही बोलत, आवाज ऐकून प्रकार सांगणारी जेवढी वापरली त्या सगळ्यांबद्दल कमीजास्त हेच मत आहे. वन-शॉट (एकच सुटा ठोका) की लूप हे बऱ्यापैकी बरोबर कळतं. पण त्यांचे कप्पे म्हणजे ड्रमकिटचे कप्पे, किक, स्नेअर, हाय-हॅट, टॉम, क्लॅप. त्यात पथकातल्या ढोलाला टिपरू मारलं तर तो एका कप्प्यात जाणार आणि थापी मारली तर दुसऱ्या, ताशाची तर्री म्हणजे स्नेअरचा रोल, आणि घुंगरू म्हणजे शेकर नाहीतर हॅट. चूक म्हणावी की नाही मला कळत नाही, कारण आवाज खरंच तसा आहे, पण ताशा शोधायला स्नेअरच्या कप्प्यात जायचं हे डोक्याला पटायला वेळ लागतो. मी आता कप्पे वापरतच नाही. एक ताशा घेतो आणि म्हणतो ह्याच्यासारखे दाखव, संपलं.

लूपच्या टेम्पोचं पण असंच. बरीच सॉफ्टवेअर असं धरून चालतात की लूप चार, आठ किंवा सोळा मात्रांचाच असणार. आपला दादरा सहा मात्रांचा. समजा ९० च्या लयीत एक आवर्तन आहे, म्हणजे बरोबर चार सेकंद. आता त्या चार सेकंदांत आठ मात्रा आहेत असं ज्याने धरलं तो सांगणार टेम्पो १२०. आणि तुम्ही प्रोजेक्ट ९० ला ठेवून तो लूप ओढून आणलात की तो आपसूक ताणला जाऊन असा रेंगाळतो जसा वरातीतला दमलेला बँड. भजनी ठेका आठाचा असल्याने तो निभावून जातो. म्हणून मी माझ्या लूपच्या नावात मात्रा आणि लय दोन्ही लिहितो, सहा-९० असं, डोळ्याला दिसलं की कानाला शंका राहत नाही.

सुराचं तर अजून एक. सॉफ्टवेअर म्हणतं डी शार्प, गाणारी म्हणते काळी दोन. दोन्ही एकच, पण घाईत डोकं चालत नाही, म्हणून मी मॉनिटरच्या खाली एक चिठ्ठी चिकटवली आहे, सी शार्प म्हणजे काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. सात वर्षं काम करतोय तरी लागते.

आता ते जे आधीपासून माझ्याकडे होतं म्हटलं ते. रीपरचा मीडिया एक्सप्लोरर. कंट्रोल, ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा, उघडतो. मी सात वर्षं रीपर वापरतोय आणि मला वाटायचं ती नुसती फाईल उघडायची खिडकी आहे. त्यात डेटाबेस बनवता येतो हे मला सहा महिन्यांपूर्वी कळलं, हे लिहायला पण लाज वाटते. फोल्डर दाखवायचा, तो यादी बनवतो, मग नावाने आणि आत लिहिलेल्या माहितीने शोधता येतं. दोन शब्दांमध्ये इंग्रजीतलं ऑर टाकलं की हे किंवा ते, नॉट टाकलं की हे सोडून. मगाशी स्पेलिंगचं रडगाणं गायलं ना, त्यावरचा माझा इलाज हाच आहे, ढोलकीच्या चारही स्पेलिंगमध्ये ऑर टाकून ती ओळ एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवली आहे, लागली की तिथून उचलायची आणि चिकटवायची.

आणि ह्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे प्रीव्ह्यू. प्रोजेक्ट चालू असताना, त्याच्या टेम्पोला जुळवून, हवं तर एखाद्या ट्रॅकमधून, म्हणजे त्या ट्रॅकवर जो रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) लावलाय त्याच्यासकट आवाज ऐकता येतो. दारावरची थाप बंद खोलीत कशी लागेल ते टाईमलाईनवर न टाकताच कळतं. नाटकाच्या कामात ह्याने जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. रीपरचं छोटं लायसन्स ६० डॉलरला आहे आणि ६० दिवस पूर्ण चालणारं ट्रायल आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी दुसरं काही विकत घ्यायच्या आधी महिनाभर हे नीट वापरून बघा असं माझं म्हणणं. फक्त हा आवाज ऐकून शोधत नाही, नाव आणि माहिती वाचतो. म्हणजे परत तेच, तुम्ही लिहिलं असेल तर सापडेल.

मग मी लिहायला बसलो. साउंड इफेक्टवाल्या लोकांनी एक पद्धत काढली आहे, यूसीएस, युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम, फुकट आहे. दार, पाऊस, गाडी, पक्षी, गर्दी असे ८० च्या वर मुख्य प्रकार आणि त्यांच्या पोटात शेकडो उपप्रकार, प्रत्येकाला एक ठरलेला छोटा कोड, फाईलच्या नावाची सुरुवात त्या कोडने करायची, मग वर्णन, मग रेकॉर्ड करणाऱ्याचं आखूड नाव, मग प्रोजेक्ट. सुरुवातीला वाटतं हे काय सरकारी काम, पण पावसाचा आवाज शोधताना पत्र्यावरचा, काँक्रीटवरचा, पानांवरचा असे वेगळे समोर आले की कळतं. आपल्या वाद्यांना मात्र ह्यात फारशी जागा नाही, सगळं म्युझिकलच्या खाली पर्कशन म्हणून जाणार, म्हणून तिथे मी वर्णनात स्वतःचे शब्द टाकतो, कायम एकाच स्पेलिंगने.

माहिती फाईलच्या आतही लिहिता येते, वेव्ह फाईलला एक जास्तीचा कप्पा असतो, ब्रॉडकास्ट वेव्ह म्हणतात त्याला. मी हौसेने तिथे मराठीत वर्णन लिहायला गेलो, "ज्योतिबाच्या यात्रेतली सकाळ, लांबून हलगी, जवळ बायका बोलतायत" वगैरे. तर तो वर्णनाचा कप्पा आहे २५६ बाईटचा आणि तो मुळात इंग्रजी अक्षरांसाठीच ठरवलेला आहे. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाईट, काना मात्रा वेलांटी प्रत्येकाचे परत तीन, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं बसणार आणि तीही प्रत्येक सॉफ्टवेअर नीट दाखवेल ह्याचा भरवसा नाही. सोडला नाद. आता वर्णन रोमनमध्ये, आणि मराठीत जे लिहायचं ते एका वहीत. कागदाच्या. हसू नका.

बाकीच्यांबद्दल दोन-दोन वाक्यं. एक्सओ म्हणून एक्सएलएन ऑडिओचं आहे, सगळे ड्रमचे ठोके ताऱ्यांच्या नकाशासारखे पसरून दाखवतं, माऊस फिरवला की आवाज, आणि तिथल्या तिथे बीट बनवायला सिक्वेन्सर पण आहे. दिसायला सगळ्यात सुंदर, बीट बनवणाऱ्यांनी नक्की बघावं, पण ते वन-शॉट ड्रमसाठीच बनवलंय, माझ्या कामात अर्ध्या गोष्टी वाऱ्याच्या, पावसाच्या, एसटी स्टँडच्या, तिथे त्याचा उपयोग नाही. वेव्हजचं कॉसमॉस आहे, तेही नकाशावालं, लूप आणि वन-शॉट दोन्ही घेतं आणि फुकट आहे, त्यामुळे ज्याला पैसे न घालता हा प्रकार काय आहे ते बघायचंय त्याने तिथून सुरुवात करावी. एबलटन लाईव्ह हे म्युझिकचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना २०२४ मध्ये आलेल्या लाईव्ह १२ पासून सारखे आवाज शोधायची सोय ब्राउझरमध्येच मिळाली आहे, म्हणजे त्यांना वेगळं काही घ्यायची गरज आहे का ह्याचा त्यांनी विचार करावा. महिन्याच्या वर्गणीवाल्यांचं गणित वेगळं, ते मुळात त्यांचे सॅम्पल विकायला बसलेत.

डुप्लिकेटसाठी ड्यूपगुरू वापरलं, फुकट आहे, नाव वेगळं असलं तरी आतला मजकूर तोच असेल तर पकडतं. माझ्याकडे ३१ हजार फाईल्स दुबार निघाल्या. एक रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीची शांतता, तर सात वेळा होता, सात वेळा, सन्नाटा साठवून ठेवलेला माणूस मी. पण डिलीट करताना परत तोच पत्त्याचा प्रश्न, कुठली प्रत कुठल्या प्रोजेक्टमध्ये वापरली ते ठाऊक नसेल तर उडवू नका, मी अजून अर्ध्या तशाच ठेवल्यात.

आणि लायसन्स. हे कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून सांभाळत नाही. फ्रीसाउंडवर प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं, काही पूर्ण मोकळे, काहींना नाव द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. बीबीसीचं साउंड इफेक्ट आर्काइव्ह हजारो फाईल्सचं आहे आणि ऐकायला खजिना, पण तिथून उतरवलेलं फुकटात फक्त वैयक्तिक, शैक्षणिक किंवा संशोधनाच्या कामाला, जाहिरातीत टाकायचं तर वेगळं लायसन्स घ्यायचं. आता तुम्ही आवाज ऐकून शोधताय, यादीत सगळे एकत्र मिसळून येतायत, रात्री दोनला तुम्हाला भान राहणार आहे का की हा दरवाजा कुठल्या देशातला? म्हणून मी वरचे फोल्डरच तीन केले, माझं, मोकळं आणि जपून. जपूनवाला फोल्डर मी स्कॅनमध्ये घेतच नाही. दाखवलाच नाही तर मोह नाही.

तर पैसे घालावेत का? ठोके जास्त असतील, नावं नसतील किंवा नावांवर विश्वास नसेल तर सोनोनिम घ्या, निदान ट्रायल तरी. ट्रायल चालू करायच्या आधी ड्राईव्ह साफ करून ठेवा म्हणजे तीस दिवस साफसफाईत जाणार नाहीत, माझे पहिले नऊ गेले. तुमचं काम मुख्यतः लांब ॲम्बियन्सचं असेल, पाच-पाच मिनिटांच्या बाजाराच्या, स्टेशनच्या फाईल्स, तर तिथे आवाज ऐकून शोधण्याचा उपयोग कमी, कारण पाच मिनिटांत रिक्षा पण येते, कुत्रं पण भुंकतं आणि भोंगा पण वाजतो, सारखं म्हणजे कशासारखं? तिथे नाव आणि वर्णन हाच रस्ता, आणि रीपरचा एक्सप्लोरर पुरतो. मी स्वतः आता दोन्ही उघडे ठेवतो, ठोका लागला की सोनोनिम, जागा लागली की एक्सप्लोरर.

परवा त्याच दिग्दर्शकाचा परत मेसेज, "दादा ती हलगी जरा कमी तापलेली नाही का मिळणार?" चार मिनिटांत पाठवली, पाच पर्याय, सगळ्यात थंड ते सगळ्यात कडक. तो म्हणाला मधली चालेल. "नवीन फोल्डर (३)" अजून तसाच आहे पण, नाव बदलायची हिंमत होत नाही, कुठला प्रोजेक्ट लाल होईल सांगता येत नाही.